अंगसंसर्ग

मराठीत काही आजारांची नावं नुसती उच्चारली तरी माणसं आवाज खाली आणतात. गरमी, परमा, उपदंश, नुसतंच 'बाहेरचं दुखणं'... लहानपणी ही नावं मोठ्यांच्या कुजबुजीतून कानावर पडायची आणि त्यांचा अर्थ विचारायची सोय नव्हती. भाषा शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण या सगळ्यात मला कुतूहल वाटतं ते 'फिरंग' या शब्दाचं. फिरंगी तलवार, फिरंगी टोपीवाले आपल्याला ठाऊक असतात, पण फिरंग नावाचा रोगही होता. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत तो नाही. तो येतो सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या 'भावप्रकाश' या ग्रंथात, म्हणजे पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर उतरल्यानंतर. आज आपण ज्याला सिफिलिस म्हणतो तो हाच. त्यावर पारा आणि चोपचिनी असे उपायही भावमिश्रांनी दिलेत.

पण मला अडवलं ते वेगळ्याच गोष्टीने. हा रोग कशामुळे होतो, हे सांगताना भावमिश्र दोन कारणं शेजारी शेजारी ठेवतात. एक म्हणजे फिरंगी माणसाच्या अंगाला अंग लागणं (शब्द आहे 'अंगसंसर्ग') आणि दुसरं फिरंगी स्त्रीशी संग. स्पर्श आणि संग, दोन्ही एकाच ओळीत! यातल्या कशात धोका किती, हा भेद तिथे नाही. तो करायला माणसाला पुढची चारशे वर्षं लागली, आणि अजूनही आपल्याला तो धड जमलेला नाही असं मी म्हणते. का म्हणते, ते पुढे सांगते.

यात आपल्या वैद्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. युरोपात तरी काय वेगळं होतं? १४९५ च्या सुमाराला फ्रेंच राजा आठव्या चार्ल्सच्या सैन्याबरोबर नेपल्समध्ये ही साथ भडकली. फ्रेंच तिला नेपल्सचा रोग म्हणाले, इटलीवाले फ्रेंच रोग म्हणाले, रशियन लोकांनी ती पोलंडच्या माथी मारली. आपण फिरंग म्हणालो. रोग नेहमी शेजारच्या गावातूनच येतो, नाही का! १५२९ साली इंग्लंडमध्ये कार्डिनल वुल्सी राजाच्या मर्जीतून उतरला तेव्हा त्याच्यावर जी आरोपांची यादी तयार झाली, तिच्यात एक आरोप असा होता की, स्वतःला हा रोग असताना तो आठव्या हेन्रीच्या कानाशी लागून बोलत असे आणि आपला दूषित श्वास राजावर सोडत असे. श्वासाने सिफिलिस होत नाही. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं? आरोप ठेवणाऱ्यांना तो पटण्यासारखा वाटला, एवढं खरं.

आता हे सगळं मी या वयात का वाचत बसले ते सांगायला हवं.

मागे एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही. "बाई, तुम्हाला वेळ आहे का? आणि कुणाला सांगणार नाही ना?" आवाज इतका बारीक की मी आधी कुणी गेलं की काय म्हणून घाबरले. तिचं लग्न ठरलं होतं. त्याच्या वर्षभर आधी एका मित्राशी जवळीक झाली होती. चुंबनं, मिठ्या, अंगावर कपडे असतानाची सलगी. त्यापुढे काही नाही. तो मित्र दूर गेला आणि हिच्या मनात भीती घुसली की आपल्याला 'काहीतरी' झालंय. तीन वेगवेगळ्या लॅबमध्ये जाऊन तिने रक्त तपासलं होतं. तिन्ही वेळा काही निघालं नाही. तरी रात्र रात्र मोबाईलवर लक्षणं वाचत बसायची. जीभ पांढरी दिसते, मानेला गाठ लागते, अंगावर पुरळ आलंय... आणि घरात स्वतःचा चहाचा कप वेगळा ठेवला होता. आईने विचारलं तर म्हणायची, सर्दी झालीय.

त्या कपापाशी मी थांबले. कारण या रोगांच्या इतिहासात कप फार जुना आहे.

१८७९ साली नायसरने परम्याचा जंतू दाखवला, १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी सिफिलिसचा नागमोडी जंतू पाहिला, पुढच्याच वर्षी वासरमनची रक्ततपासणी आली. म्हणजे आता खरं तर अंधार संपायला हवा होता. झालं उलटंच. जंतू आहे म्हटल्यावर तो सगळीकडे दिसू लागला. पेल्यात, वस्तऱ्यात, टॉवेलात, संडासाच्या बैठकीवर. १८९४ साली न्यूयॉर्कच्या डंकन बल्कली या डॉक्टरने 'निरपराधांचा सिफिलिस' असा विषय घेऊन एक आख्खं पुस्तक लिहिलं होतं, त्यात संभोगाशिवाय लागण झालेल्यांची उदाहरणं गोळा केली होती. ती सगळीच खोटी होती असं नाही बरं का. काचकाम करणारे कारागीर एकच फुंकणी एकामागून एक तोंडाला लावत, त्यातल्या एकाच्या ओठावर चट्टा असला की दुसऱ्याला लागण होई. दाईला बाळाकडून आणि बाळाला दाईकडून होई. फिलाडेल्फियाच्या शॅमबर्ग नावाच्या डॉक्टरने १९११ साली एका पार्टीची हकिगत छापली. तिथे तरुण मुलामुलींनी चुंबनाचे खेळ खेळले आणि त्यातून अनेकांच्या ओठांवर सिफिलिसचे व्रण उठले. सिफिलिसचा ओला व्रण समोर असेल आणि त्याला थेट ओठ लागले तर लागण होते, हे आजही खरं आहे.

पण पेला आणि संडास? तिथून सिफिलिस किंवा परमा घेऊन येणं हे जवळजवळ अशक्य. हे जंतू अंगाबाहेर, कोरड्या हवेत टिकत नाहीत. डॉक्टरांनाही हे हळूहळू कळत होतं. तरीही संडासाची बैठक पुस्तकांतून हलेना, कारण तिची सोय सगळ्यांनाच होती. नवऱ्याला बायकोला सांगायला काहीतरी हवं होतं, आणि डॉक्टरला प्रतिष्ठित घरातल्या माणसाची अब्रू राखायची होती. बिचारी बैठक! ॲलन ब्रँट या अमेरिकन इतिहासकाराचं या विषयावरचं १९८५ सालचं पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यात त्याने पहिल्या महायुद्धातली एक गोष्ट नोंदवली आहे. अमेरिकेच्या आरमाराने युद्धनौकांवरच्या दारांच्या मुठी काढून टाकल्या, का तर त्यांच्यातून गुप्तरोग पसरतात म्हणे. वाचताना हसू येतं. पण मुठी काढणारे अडाणी नव्हते, ते शिकलेसवरलेले अधिकारी होते. खलाशांना रोग खरोखर कुठून होतो हे तोंडाने बोलण्यापेक्षा मुठी उपटणं सोपं होतं.

आपल्याकडे इंग्रज सरकारने वेगळा उपाय काढला. १८६८ च्या कायद्याने वेश्यांची सक्तीने नोंदणी आणि तपासणी, आणि रोग दिसला की इस्पितळात कोंडणं. गोऱ्या शिपायांना रोग होऊ नये म्हणून हे सगळं. शिपाई मात्र मोकळे. पुष्कळ ओरड झाल्यावर १८८८ साली तो कायदा गेला. पण धोका कुठे आहे हे ठरवण्यापेक्षा धोका 'कोण' आहे हे ठरवण्याची सरकारी सवय काही गेली नाही. ती शंभर वर्षांनी गोव्यात पुन्हा दिसली.

पेनिसिलिन आल्यावर (१९४३ साली अमेरिकेत महोनी यांनी सिफिलिसवर ते वापरून दाखवलं) हा सगळा विषय जुना झाला असं लोकांना वाटलं. मग ५ जून १९८१ ला अमेरिकेच्या साथरोग केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची नोंद छापून आली, आणि एड्स आला.

सुरुवातीला कुणालाच काही ठाऊक नव्हतं, हे मान्य. १९८३ च्या मे महिन्यात एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आजारी मुलांवरचा लेख आला आणि घरातल्या नेहमीच्या सहवासातूनही हा रोग पसरत असेल की काय, अशी शंका त्यासोबतच्या संपादकीयात मांडली गेली. शंकाच ती. पण वर्तमानपत्रांना शंका पुरते. त्याच सप्टेंबरमध्ये साथरोग केंद्राने सांगितलं की सहज स्पर्शाने, अन्नाने, हवेने हा पसरत असल्याचा पुरावा नाही. ते कुणी ऐकलं? १९८५ साली इंडियाना राज्यात रायन व्हाइट या रक्तस्रावाच्या आजाराने ग्रासलेल्या मुलाला शाळेने दाराबाहेर ठेवलं. त्याला रक्तापासून बनवलेल्या औषधातून लागण झाली होती. त्याच वर्षी रॉक हडसन या नटाला एड्स असल्याचं जाहीर झालं आणि आधी एका मालिकेत त्याने चुंबन घेतलेल्या नटीचं काय होणार, यावर अमेरिका चर्चा करत बसली. तिला काहीही झालं नाही.

या गोंधळात एक काम मात्र शांतपणे झालं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात डॉ. जेराल्ड फ्रीडलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ घरं गाठली. एड्सचे ३९ रुग्ण आणि त्यांच्या घरात त्यांच्यासोबत राहणारी १०१ माणसं, म्हणजे आया, भावंडं, पोरं. शरीरसंबंध असलेले जोडीदार यात घेतले नव्हते. घरं गरिबांची, दाटीवाटीची. एकच संडास, तीच भांडी, तेच टॉवेल, बऱ्याचदा एकच बिछाना. मिठ्या होत्या, गालावरचे पापे होते, काहींमध्ये ओठांवरचेही. काहींनी तर दाढीचं पातं आणि दात घासायचा ब्रशसुद्धा वाटून वापरला होता (असं करू नये, ही गोष्ट वेगळी). १०१ पैकी एकाच्याच रक्तात लागण सापडली. ते पाच वर्षांचं पोर होतं आणि त्याला ती बहुधा आईकडून जन्मावेळीच झाली होती. फेब्रुवारी १९८६ मध्ये हे छापून आलं. भावमिश्रांच्या ओळीतला 'अंगसंसर्ग' निदान या रोगापुरता तरी त्या दिवशी खोडला गेला.

त्याच वर्षी मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन यांनी (माहेरच्या त्या गायतोंडे, मराठी) भारतातल्या पहिल्या लागण झालेल्या स्त्रिया शोधून काढल्या.

आणि तरीही. १४ फेब्रुवारी १९८९ ला गोव्यात पर्रा गावच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलीस घेऊन गेले. गुन्हा कसलाच नव्हता. तो नियमित रक्तदान करणारा माणूस, त्याच्या दिलेल्या रक्तात विषाणू सापडला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा अशा माणसाला सक्तीने वेगळं ठेवण्याची तरतूद घातलेली होती. म्हापशात क्षयरोग्यांसाठीच्या एका जुन्या, ओस इमारतीत त्याला ६४ दिवस ठेवलं. वकील आनंद ग्रोव्हर उच्च न्यायालयात उभे राहिले. याचिका त्याच्या आईच्या नावाने होती, लूसी डिसोझा. डॉमिनिक सुटला खरा, पण डिसेंबर १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने निकाल दिला तेव्हा कायद्यातली ती वेगळं ठेवण्याची तरतूद कायम ठेवली. ब्रॉन्क्समधल्या त्या १०१ माणसांना तोवर जवळजवळ चार वर्षं होऊन गेली होती! एका बिछान्यात झोपून जे झालं नव्हतं ते एका गावात राहून होईल, असं आपला कायदा मानत होता. डॉमिनिकने नंतर 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि मे १९९२ मध्ये तो गेला. त्याच्या आईवर त्या ६४ दिवसांत काय गुदरलं असेल, ते कुठल्याच निकालपत्रात येत नाही.

मुंबई उच्च न्यायालयानेच पुढे १९९७ साली, केवळ एचआयव्ही आहे म्हणून काम करू शकणाऱ्या माणसाला नोकरी नाकारता येणार नाही असा निकाल दिला, हेही नोंदवायला हवं. आणि आता २०१७ चा कायदा आहे. तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. भेदभावाला मनाई, संमतीशिवाय तपासणीला मनाई, नाव फोडायला मनाई.

असो. त्या मुलीकडे वळते. मी डॉक्टर नव्हे. तिला घेऊन एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तिला जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं आणि मग घरी येऊन पडताळलं. (सवय जात नाही.)

'धोका' हा एकच शब्द आपण सगळ्याला लावतो, तिथेच घोटाळा होतो. एचआयव्हीसाठी रक्त, वीर्य, योनीतला किंवा गुदद्वारातला स्राव, आईचं दूध यांपैकी काहीतरी लागण झालेल्या माणसाकडून दुसऱ्याच्या रक्तात किंवा आतल्या ओल्या त्वचेपर्यंत पोचावं लागतं. लाळेत विषाणू नगण्य असतो, वर लाळेत त्याला अडवणारी द्रव्यंही असतात. मिठीतून, कपड्यांवरून, साध्या चुंबनातून तो जात नाही. चुंबनाशी जोडलेलं एक उदाहरण १९९७ साली अमेरिकेत नोंदलं गेलं, पण तिथे दोघांच्याही हिरड्या खराब होत्या आणि रक्त येत होतं. म्हणजे संशय लाळेवर नाही, रक्तावर. अमेरिकेच्या साथरोग केंद्राचे आकडे बघितले तर नजर स्थिर होते. लागण झालेलं रक्त चढवलं तर दहा हजारांत सुमारे ९,२५० वेळा रोग होतो. लागण झालेल्या आणि उपचार न घेणाऱ्या पुरुषाशी एका संभोगातून स्त्रीला दहा हजारांत सुमारे ८ वेळा. थुंकण्यापुढे आकडाच नाही, 'नगण्य' असा शब्द आहे. ते ८ वाचून मात्र कुणी निर्धास्त होऊ नये. तो हिशेब एका वेळेचा आहे, आणि नवराबायकोचा संसार एका वेळेचा नसतो. आपल्याकडच्या किती बायकांना हा रोग घरातच, नवऱ्याकडून झाला!

पण म्हणून 'चुंबनातून काहीच होत नाही' असं सरसकट सांगणंही खोटं. डॉक्टरीणबाईंनी हे आडपडदा न ठेवता सांगितलं, ते मला आवडलं. हर्पिसचा एक प्रकार ओठांतून ओठांत जातो, ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात ना, तोच. जगातल्या पन्नाशीच्या आतल्या जवळपास दोन तृतीयांश लोकांच्या अंगात तो असतो आणि बहुतेकांना तो लहानपणीच, मावशी-आत्यांच्या पाप्यांतून मिळालेला असतो. एचपीव्ही नावाचा विषाणू त्वचेला त्वचा घासून जातो, संभोगच व्हावा लागतो असं नाही, आणि निरोधाने तो पूर्ण अडत नाही. बहुतेकांचं शरीर त्याला वर्षा-दोन वर्षांत हाकलून देतं. काही स्त्रियांत तो राहतो आणि पुढे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. यावर लस आहे, पुण्याच्या सीरम संस्थेची २०२३ मध्ये बाजारात आली. गंमत बघा, २००८ चं वैद्यकाचं नोबेल एचपीव्ही आणि कर्करोगाचं नातं दाखवणाऱ्या हॅराल्ड त्सुर हाउझेनना आणि एचआयव्ही शोधणाऱ्या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांना वाटून मिळालं. एक स्पर्शाने जाणारा विषाणू आणि एक स्पर्शाने न जाणारा. घाबरतो आपण मात्र चुकीच्या ठिकाणी, कारण पोरीबाळींना लस द्यायची आठवण किती घरांत होते?

तिच्या तपासण्यांबद्दल बाई म्हणाल्या, शिरेतून रक्त घेऊन केलेली आजची तपासणी ४५ दिवसांनंतर विश्वासाची, नुसती प्रतिपिंडांची असली तर ९० दिवस थांबायचं. "तुझं तर वर्ष उलटलंय. चौथी तपासणी मी लिहून देणार नाही. झोपेसाठी आणि या विचारांसाठी मात्र एका डॉक्टरांचं नाव देते." खरंच धोक्याचं काही घडलं असेल तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करता येतं, २८ दिवस घ्यायचं, हेही त्यांनी सांगून ठेवलं. आणि १०९७ हा सरकारचा मोफत फोन. मुलगी ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "मग कप?" बाई म्हणाल्या, "अगं, आज आईच्या कपातून चहा पी."

एक गोष्ट तिथे निघाली नाही, ती मी घरी वाचली. आमच्या भोसरीच्या एड्स संशोधन संस्थेने ज्यात भाग घेतला होता, त्या नऊ देशांतल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०११ साली आला. १,७६३ जोडपी, प्रत्येकात एकाला लागण, दुसऱ्याला नाही. लागण झालेल्याने औषध लवकर सुरू केलं तर जोडीदाराला रोग होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटलं. पुढच्या अभ्यासांनी तर दाखवलं की औषधाने रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली राहिला, तर संभोगातूनही लागण होत नाही. म्हणजे भावमिश्रांच्या ओळीतलं दुसरं कारणही, निदान औषध नेमाने घेणाऱ्यापुरतं, खोडलं गेलं. आणि त्यात पुण्यातल्या जोडप्यांचाही वाटा होता. त्यांची नावं कुणाला कळायची नाहीत, तसंच असायला हवं.

मला राहून राहून वाटतं, या मुलीला फोन करायला मीच का सापडावे? २००७ साली महाराष्ट्रात शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला गेला, तेव्हा मी नोकरीत होते. आमच्याकडच्या पुस्तिका कपाटात गेल्या. मुलांचे प्रश्न काही कपाटात गेले नाहीत.

पण त्याच्या कितीतरी आधी, १९२७ पासून, रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते. 'गुप्तरोगांपासून बचाव' या नावाचं त्यांचं पुस्तकही आहे. मासिकात ते वाचकांच्या खासगी शंकांना उत्तरं देत, आज ही मुलगी विचारत होती त्याच जातीच्या शंकांना. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक विचारतात म्हणून हा माणूस उत्तर देतो, उत्तर द्यायचं नसेल तर मासिकच बंद करावं लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक नोव्हेंबर १९५३ पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरच्या महिन्यापर्यंत निघत राहिलं.